सर्व्हिसच्या तारखेची वाट न पाहणारी कामे

मोटारसायकलची नेहमीची देखभाल स्वतः करावी की सर्व्हिस सेंटरला पैसे देऊन करून घ्यावी, हा विषय निघाला की चर्चा लगेच पैशांकडे वळते. मजुरीचे किती वाचले, अवजारांवर किती गेले, सुट्टीची सकाळ गेली तिचे मोल काय धरायचे, असा हिशेब सुरू होतो. माझ्या मते हा हिशेब दुय्यम आहे. गाडीतल्या ज्या गोष्टींवर तिचे आयुष्य आणि चालवणाऱ्याचा जीव अवलंबून असतो, त्यांपैकी बऱ्याच गोष्टी दोन सर्व्हिसच्या मधल्या काळातच बिघडतात, आणि म्हणून त्या पाहणे हे मालकाचेच काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

चेनचेच पाहा. उघडी चेन साधारण ५०० ते १,००० किलोमीटरला साफ करून तिला तेल द्यावे लागते, आणि पावसात किंवा धुळीत गाडी चालवली असेल तर त्याहूनही आधी. दोन सर्व्हिसमधले अंतर मात्र कित्येक हजार किलोमीटरचे असते. म्हणजे सर्व्हिस सेंटर कितीही चांगले असले आणि तिथला मेकॅनिक कितीही मन लावून काम करणारा असला, तरी चेनला जेवढ्या वेळा हात लागायला हवा त्यातला एखादाच वेळ त्याच्या वाट्याला येतो. उरलेल्या वेळी मालकाने ते केले नाही, तर ते कोणीच करत नाही, आणि चेनसेट, म्हणजे चेन आणि तिची दोन दातेरी चाके, लवकर संपला की दोष गाडीला दिला जातो.

काम अवघड नाही, पण त्यामागची कारणे समजून घेतली तरच ते नीट होते. चेनची ढिलाई खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) मधोमध, चेन वर-खाली करून मोजतात. अनेक गाड्यांत ती २० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत आणि बऱ्याचदा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर दिलेला असतो. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि जिथे ती सर्वांत ताणलेली असेल ते ठिकाण धरून ढिलाई ठरवावी. पुष्कळ जण सैल चेनला घाबरतात आणि ती गरजेपेक्षा जास्त ताणून ठेवतात. वास्तविक जास्त ताणलेली चेन अधिक नुकसान करते. खड्ड्यात किंवा मागे कोणी बसल्यावर मागचे चाक वर सरकते, तेव्हा पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधले अंतर वाढते. त्या वेळी चेनला सैलपणा उरला नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर पडतो. ओ-रिंगवाल्या चेनमध्ये आतले ग्रीस रबरी कड्यांनी अडवून ठेवलेले असते, म्हणून ती पेट्रोलने धुऊ नये आणि तिच्यावर तारेचा ब्रश चालवू नये. आणि इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडके लावण्याची सवय ज्यांना असेल त्यांनी ती कृपा करून आजच सोडावी. स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये सापडलेले बोट तुटते.

टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना पाहावी. ब्रेक पॅडवरची झीज दाखवणारी खाच, क्लच लिव्हरची मोकळी चाल, दिवे आणि ऑइलची पातळी, हे सारे पाहायला काही मिनिटे पुरतात. पातळी पाहताना गाडी सपाट जागी सरळ उभी असावी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत पाहिलेली पातळी फसवी असते.

ऑइल बदलण्याबाबत मात्र मते फार टोकाची असतात. काहींना ते पोरखेळ वाटते, तर काहींना तो अधिकृत मेकॅनिकखेरीज कोणी हात लावू नये असा विषय वाटतो. मला वाटते, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराइतकाच बोल्ट आवळू देणारा पाना, वापरायची तयारी असेल तर हे काम कोणीही शिकू शकतो. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण पाहूनच ऑइल घ्यावे. घर्षण कमी करणारी रसायने घातलेले मोटारींचे ऑइल टाकले तर क्लच घसरू शकतो. इंजिन थोडे गरम असताना जुने ऑइल पूर्ण निथळते. ड्रेन बोल्टचा वायसर नवा घालावा आणि बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कइतकाच आवळावा, कारण खालचा भाग ॲल्युमिनियमचा असतो आणि हाताच्या अंदाजाने जोर लावला की त्याचे आटे जातात. जुने ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये, ते बंद डब्यात भरून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. ज्याला एवढी शेवटची पायरी पाळायची नसेल, त्याने ऑइल घरी बदलूच नये.

आता सर्व्हिस सेंटरची बाजू. ती मला खरोखर मान्य आहे. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या फ्लुइडसाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. म्हणून ते साधारण दर २ वर्षांनी बदलतात. हे काम घरी करता येते, तरी मी ते कुशल मेकॅनिककडेच देतो, कारण लाइनमध्ये हवा राहिली तर ते रस्त्यावर ब्रेक दाबताना कळते, आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत हवा पूर्ण काढायला निदान-यंत्र लागते. इंजिनातला व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा भाग (टॅपेट) यांमधल्या फटीबाबतही माझे हेच मत आहे. फट वाढली की टॅपेटचा आवाज येतो आणि आपण सावध होतो. फट कमी झाली तर मात्र इंजिन शांत चालते आणि नीट न टेकणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतल्या आत जळत राहतो. कानाला जे कळत नाही, ते फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात धरण्याची सवय असलेल्या माणसाने मोजलेले बरे. गाडी वॉरंटीत असताना ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच कराव्यात आणि बिले जपून ठेवावीत. सॉफ्टवेअरची सुधारणा किंवा कंपनीने परत बोलावून बदललेला भाग, हे तर दुसरीकडे मिळतच नाही.

पण तिथे गाडी सोडून निर्धास्त होणे मला पटत नाही. मेकॅनिकसमोर दिवसभरात एकामागून एक गाड्या येतात, प्रत्येकीसाठी ठरावीक वेळ असतो आणि तो जॉबकार्डावर लिहिलेलेच काम करतो. यात त्याची लबाडी नसते. आपली गाडी कालपर्यंत कशी चालत होती हे त्याला ठाऊक असण्याचा काही मार्गच नसतो. ज्या मालकाने स्वतः चेन मोजली आहे, तो “मागून आवाज येतो” एवढेच न सांगता “चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागते” असे सांगतो, आणि त्या एका वाक्याने मेकॅनिकचा शोध निम्मा संपतो. बिलात चेनसेट बदलल्याची ओळ आली, तर ती का आली हेही त्या मालकाला कळते. डॉक्टरांना लक्षणे नेमकी सांगणाऱ्या रुग्णाचा उपचार लवकर सुरू होतो, तसेच हे आहे.

सगळ्यांना सगळे जमणार नाही, हेही मी जाणतो. कोणाकडे सपाट जागा नसते, कोणाच्या हातांत जोर उरलेला नसतो, आणि वेळ तर बहुतेकांकडेच नसतो. अशांनी चेनचे काम जवळच्या विश्वासू मेकॅनिककडून वेळच्या वेळी करून घ्यावे. सर्व्हिसच्या तारखेवर ते ढकलू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

खरी तक्रार मला कंपन्यांकडे करायची आहे. कित्येक गाड्यांना आता मेन स्टँड मिळत नाही, त्यामुळे मागचे चाक उचलून फिरवण्याची सोयच राहत नाही आणि वेगळा स्टँड विकत घ्यावा लागतो. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत साध्या साध्या कामांपुढेही “अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा” असे छापलेले आढळते. वजनाचे किंवा जागेचे कारण असेल तर मेन स्टँड निदान वेगळा घेता यावा, आणि ड्रेन बोल्टचा व मागच्या एक्सलच्या नटाचा टॉर्क प्रत्येक पुस्तिकेत छापलेला असावा. हे दोन आकडे छापायला पानावर एक ओळ पुरते.