आकडा लहान, भोक मोठं

बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते रात्री आणि चालते पहाटेपर्यंत. कॅमेऱ्याला त्रास देणारं सगळं तिथं हजर असतं. ढोल, धक्काबुक्की, गुलाल, जनरेटरचा धूर. नसतो तो फक्त उजेड. दुसऱ्या दिवशी फोटो बघितले की निम्मेअधिक हललेले, आणि हौशी माणूस लगेच जाहीर करतो, "कॅमेराच बदलायला पाहिजे." घरातून आवाज येतो, "परत?"

माझं म्हणणं, आधी फोटोची नाडी बघा. सगळं चित्र एकाच दिशेला फरफटलेलं असेल तर हात हलला. मागची दुकानाची पाटी लख्ख वाचता येते पण लेझीमवाल्याचा धूर झालाय, तर शटर मंद पडलं. लेझीमवाला पुसट आणि त्याच्या मागं केळं खाणारे काका सालासकट स्पष्ट, तर फोकस चुकला. स्टॅबिलायझेशनवाली महागडी लेन्स पहिल्या दुखण्यावरच चालते. ती आपला हात धरते, लेझीमवाल्याचा नाही.

आता हिशेब. किटबरोबर आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स ५५ वर नेली की तिचं उजेड घेणारं भोक, म्हणजे अपर्चर, एफ/५.६ वर अडतं. समजा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० ठेवून शटर मिळालं १/१५ सेकंद. तिथंच एफ/१.८ ची लेन्स लावली तर उजेड जवळपास दहापट, म्हणजे शटर १/१५० च्या आसपास. नाचणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. नव्या बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला, याच्या कैकपट पैसे मोजून आयएसओत एखादा-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) पदरात पडतो, लेन्स सव्वातीन देते. आकडा लहान तेवढं भोक मोठं, हे मात्र दरवेळी नव्यानं पटवून घ्यावं लागतं. खिशाचं भोकही त्याच नियमानं वाढतं. एफ/१.८ वरून १.४ वर गेलात की बघा.

म्हणून सगळे ५० एमएम घ्या म्हणतात. घ्या, पण क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर ती ७५-८० एमएमसारखी वागते, चौकटीत कमी मावतं. गणपत गल्लीत अख्खा चित्ररथ त्यात मावायचा म्हणजे मागं सरकत सरकत एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसावं लागेल. अशा गल्ल्यांना ३५ बरी. शिवाय ५० एमएम एफ/१.८ वर दोन मीटरवरून जेमतेम दहा सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. टिपरू चकाचक, ढोलवाला गायब. २.८ वर आणा, फोकस डोळ्यावर धरा.

निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या 'डी' लेन्समध्येही ती नसते, म्हणून स्वस्त मिळाली तरी ती आणली तर फोकस हातानं फिरवायचा. रिंग फिरवेपर्यंत चित्ररथ पुढच्या चौकात. 'एएफ-एस' लिहिलेलीच बघा, तिच्यात मोटर असते.

गोकाकच्या धबधब्याला मात्र वेगळी लेन्स नको. तीच १८-५५, ट्रायपॉड आणि उजेड अडवणारा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर. १/१२५ चं शटर अर्ध्या सेकंदावर येतं, पाण्याचं दूध होतं. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करायला विसरू नका.

जुनी लेन्स घेताना दोन्ही टोप्या काढा, अपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. बारीक धुळीचं काही नाही, पण बुरशी आपल्या पावसात वाढतच जाते. दुकानात असं वाकून बघत बसलात की पाठीमागून कुणीतरी विचारणारच, "लेन्स घेऊलास की डोळं तपासूलास?" विचारू दे.

घरी आणल्यावर ती कापडी बॅगेत घालून कपाटात कोंबू नका, ओल तिथंच धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. नारंगी दाणे हिरवे पडले की मंद आचेवर तापवून परत वापरा, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. आणि डबा पारदर्शक असेल तर बरं, नाहीतर वर ठळक लिहा, 'यात पापड नाहीत'.