वर्गणी मोबाईलमध्ये नसते, भाऊ

यंदा दिवाळी अंकांचा विषय निघायच्या आधीच आमच्या यवतमाळकडच्या गावगटांवर एक मेसेज फिरायला लागला. मजकूर थोडक्यात असा: डिजिटल मासिकाची वर्गणी भरू नका, एका मोबाईलवर घेतलेला अंक दुसऱ्यावर उघडत नाही, मोबाईल बदलला की पैसे बुडाले, गावात नेट नाही, मग वाचणार काय, ॲप काढून टाकलं तरी पैसे कापले जातात, त्यापेक्षा ग्रुपवर पीडीएफ फुकट मिळते. खाली नाव नाही, गाव नाही, नुसतं 'पुढे पाठवा'. संध्याकाळी गावच्या वाचनालयात मी बसतो, त्यामुळे हा मेसेज आणि न उघडणारे अंक, दोन्ही माझ्याच टेबलावर येतात.

पहिल्या दोन मुद्द्यांचं मूळ एकच आहे. वर्गणी मोबाईलच्या नावावर नसते, खात्याच्या नावावर असते. ज्या ईमेलने किंवा ज्या नंबरवर ओटीपी घेऊन नोंद केली, ते खातं. त्याच खात्याने कॉम्प्युटरवर शिरा, टॅबवर शिरा, नव्या फोनवर शिरा, अंक तिथे दिसतो. गोची होते ती भलतीकडेच. वर्गणी भरली पुण्यातल्या मुलाने, स्वतःच्या जीमेलवरून; नाहीतर भरून दिली सेतू केंद्रावरच्या पोराने, त्याच्याच नंबरवर. इकडे दादाजी आपला नंबर टाकतात आणि ॲप सांगतं, वर्गणी नाही. "काऊन बाप्पा, पैसे तं भरले होते ना!" भरले होते, पण दुसऱ्याच्या खात्यात. मुलाला फोन करून तो ईमेल कोणता ते विचारलं की पाच मिनिटांत काम होतं. ॲप फेकून पुन्हा टाकत बसलं तर दिवसभर होत नाही.

त्याहून वाईट प्रकार बंद पडलेल्या सिमचा. रिचार्ज न झालेलं सिम कंपनी बंद करते आणि त्यानंतर 90 दिवस उलटले की तो नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. मग तुमचा ओटीपी कुठल्या गावात वाजेल, सांगता येत नाही. नंबर बदलायचा असेल तर जुनं सिम चालू आहे तोवर खात्यात नवा नंबर टाकून घ्या, सोबत ईमेलही जोडा.

मेसेज अर्धा खरा ठरतो तो एका ठिकाणी. आयफोनच्या ॲपमधून ॲपलमार्फत वर्गणी भरली आणि मासिकाचं स्वतःचं खातं काढलंच नाही, तर ती वर्गणी ॲपलच्या खात्याला चिकटते. अँड्रॉइड फोन घेतल्यावर अंक सापडत नाही. प्ले स्टोअरमधून भरलेली वर्गणीही गूगलच्या खात्यावर बसते. एका फोनवर दोन-तीन जीमेल असतील तर प्ले स्टोअर भलत्याच खात्यावर उघडं असतं. वर कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवून खातं बदला. ॲपमध्ये 'रिस्टोअर परचेस' असं बटण असलं तर तेही दाबून पाहा. माझं मत विचाराल तर वर्गणी मासिकाच्या संकेतस्थळावरच भरावी, म्हणजे ही भानगडच उरत नाही. आणि एका वर्गणीवर अख्ख्या गावाला अंक वाचायला देऊ नका. बहुतेक ठिकाणी किती फोन जोडता येतील याला मर्यादा असते. जुन्या फोनमधून बाहेर पडल्याशिवाय नव्याला जागा मिळत नाही.

आता 'उघडतच नाही' हा भाग. गेल्या हंगामात एका शेतकऱ्याचा जुना फोन माझ्यासमोर आला. बॅटरी पार उतरून बरेच दिवस बंद पडलेला, चार्ज करून चालू केलेला. अंकाचं पान उघडलं की क्रोम म्हणे, तुमचं कनेक्शन खाजगी नाही. त्यांना वाटलं मासिकवाल्यांनी फसवलं. मी वर घड्याळाकडे पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. फोनच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून तो दार लावून बसला. सेटिंगमध्ये तारीख दुरुस्त केली, अंक उघडला. मात्र अँड्रॉइड 7 किंवा त्याहून जुना फोन असेल तर 2023 च्या अखेरीपासून त्याला नवं क्रोम मिळत नाही, आणि नव्या संकेतस्थळांशी त्याचं जमेनासं होतं. तिथे वर्गणीला दोष देऊन उपयोग नाही.

नेटचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. धारणी, भामरागडकडच्या कितीतरी गावांत रेंज शोधायला टेकडी चढावी लागते. पण वाचताना नेट लागतंच असं नाही. बाजाराला तालुक्याला गेलात की वायफायवर अंक ॲपमध्ये उतरवून घ्या, घरी निवांत वाचा. फक्त जागा कमी पडली म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचा 'डेटा' पुसू नका, उतरवलेले अंकही जातात. 'कॅशे' पुसली तर सहसा चालतं. जे मासिक फक्त संकेतस्थळावर आहे, उतरवायची सोयच नाही, ते रेंज नसलेल्या गावात घेऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो.

ॲप काढलं तरी पैसे कापले जातात, हे खरंच आहे. ॲप काढणं म्हणजे वर्गणी थांबवणं नव्हे. प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट आणि सदस्यत्वे' इथे जाऊन ती रद्द करावी लागते. पण चोरून कापतात, हे खोटं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपोआप पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना यावीच लागते. ती आपण लोनच्या जाहिरातींसोबत न वाचता पुसतो. यूपीआयने भरताना खात्यातून पैसे गेले आणि समोर पोचल्याची नोंदच झाली नाही, तर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे 5 दिवसांत ते परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. बँकेत जाऊन या परिपत्रकाचं नाव घेऊन मागा.

राहिली ग्रुपवरची पीडीएफ. 2020 साली दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला एका हिंदी दैनिकाचे ई-पेपर वाटणारी चॅनल काढायला लावली होती, तेव्हा 'कोण विचारतो' असं समजू नका. फुकटच हवं तर बालभारतीचं 'किशोर' आहे: 1971 पासूनचे अंक त्यांनीच नेटवर मोकळे ठेवलेत, लेकरांना ते उघडून द्या.

मेसेजवाल्याने खरी अडचण लिहिलीच नाही. डिजिटल अंक रद्दीच्या गठ्ठ्यासारखा आपल्या कपाटात राहत नाही. ॲमेझॉनने सप्टेंबर 2023 मध्ये किंडल या आपल्या वाचनयंत्रावरची मासिकांची वर्गणी बंद केली. एवढी मोठी कंपनी गाशा गुंडाळते, तर छोट्या ॲपचं काय घ्या. म्हणून वाचनालयासाठी मी डिजिटल वर्गणी एका वर्षाचीच भरतो, तीन वर्षांवर कितीही सवलत दिली तरी.