उकळलेला लूर सरळ पोहत नाही

‘क्रँकबेट सरळ पळवण्याचे पाच रामबाण उपाय’ नावाचा मेसेज सध्या गळवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. क्रँकबेट म्हणजे माशासारखं दिसणारं, दोऱ्याने ओढलं की पोहणारं कडक नकली आमिष, म्हणजेच एक प्रकारचा लूर. काल तो भाच्याकडून आला. खाली ओळ होती, “मामा, पातेलं ठेवलंय, टाकू का?” नको रे बाबा. गॅस बंद कर आणि हे वाच.

पातेल्यापासूनच सुरुवात. मेसेजचं म्हणणं असं, की लूर ओढताना एका बाजूला पळतो तो लिप, म्हणजे नाकाखालची पातळ पट्टी, वाकडी झाल्यामुळे. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, लिप मऊ होते, बोटांनी सरळ करा. वेगळी बसवलेली पारदर्शक लिप बहुधा पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकची असते. ते मऊ पडायला सुमारे १४७ अंश लागतात आणि पाणी उकळतं १०० ला. लूरचं अंग मात्र बहुतेक वेळा एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचं, ते शंभरच्या आसपासच ढिलं पडायला लागतं. म्हणजे जे सरळ करायचं ते हलणारही नाही आणि जे धड होतं ते वाकडं होईल. लिप अंगासोबत एकाच साच्यात ओतलेली असेल तर दोन्ही एकदमच बिघडतील. त्यात हे अंग दोन अर्धे चिकटवून केलेलं, आतून पोकळ. ३० अंशांवरची हवा १०० वर गेली की आतला दाब जवळपास पाव पटीने वाढतो. शिवण उसवली की पाणी आत, आणि तरंगणारा लूर बुडणारा झाला. बाल्सा लाकडाच्या लूरला तर वरच्या लेपाला फोड येतात आणि लाकूड पाणी पितं.

हे कुठून उचललंय याचा अंदाज आहे. पाकिटात दुमडून वाकडी झालेली रबरी आमिषं, म्हणजे सॉफ्ट प्लास्टिक, गरम पाण्यात बुडवली की खरंच सरळ होतात. पण ती मुळात मऊच असतात. क्रँकबेट ही वेगळी वस्तू आहे.

दुसरा उपाय: ‘डावीकडे पळाला तर नाकातली कडी डावीकडे वाकवा.’ ही कडी म्हणजे दोरा बांधतो ती. नाइलाजाने कबूल करतो, हे अर्धं बरोबर आहे. लूरची शेपटी स्वतःकडे धरली असेल तर बरोबर, नाक स्वतःकडे असेल तर साफ उलटं. मेसेजमध्ये लूर कसा धरायचा याचा उल्लेखच नाही, म्हणजे निम्मे लोक बिघाड दुप्पट करणार. गोंधळ नको असेल तर एकच पद्धत धरा: नाक आपल्याकडे, म्हणजे लूर पाण्यातून आपल्याकडे येतो तसाच. तो आपल्या डावीकडे पळत असेल तर कडी आपल्या उजवीकडे. किती? केसभर. वाकलेली डोळ्यांना जेमतेम दिसावी इतकीच.

तिसरा उपाय, ‘कडी पकडीने पिळा’, वरवर निरुपद्रवी वाटतो, पण सगळ्यात जास्त लूर यानेच मरतात. पिळायचं नाही, वाकवायचं. स्क्रूची कडी पिळली की बुडाशी लावलेला गोंद सुटतो, कडी सैल होते आणि तिथूनच पाणी शिरतं. निमुळत्या तोंडाच्या पकडीने कडी पुढून धरा, दुसऱ्या हाताने लूरचं अंग नाकाजवळ घट्ट धरा, आणि बुडापासून हळू कलवा. खोल जाणाऱ्या लूरमध्ये कडी लिपवरच असते. तिथे कडीच्या बुडाजवळची लिप चिमटीत धरा, नाहीतर ‘कट’ आवाज येतो आणि विषय संपतो. पुढेमागे फार वेळा वाकवलेली तारही थकून तुटते.

प्रत्येक केसभर वाकवण्यानंतर चाचणी. दोन-तीन मीटर दोरा सोडायचा, रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवायचं, आधी सावकाश आणि मग जोरात ओढायचं. सावकाश सरळ येणारा लूर वेगात आडवा पडून वर येत असेल तर तो अजून ट्यून झालेला, म्हणजे सरळ पोहण्याइतका जुळलेला, नाही. खाडीत ही चाचणी ओहोटीच्या धारेला आडवी करू नका. तिथे चांगला लूरही एका बाजूला वाहतो. भरती-ओहोटीच्या मधलं थांबलेलं पाणी गाठा, नाहीतर तळ्यावर जा.

आणि पकड उचलण्याआधी बाकीचं तपासा, जे मेसेजमध्ये नावालाही नाही. गाठ कडीच्या एका बाजूला सरकलेली असते. एखादा ट्रेबल (तीन टोकांचा) हुक वाकलेला असतो, किंवा हुकची कडीच मधोमध नसते. लिपचा कोपरा खडकावर उडालेला असतो. तो थोडा असेल तर दुसरा कोपरा बारीक पॉलिश पेपरने तितकाच घासून जमवता येतो. जिताड्यासारख्या मोठ्या माशासाठी म्हणून पोटाला मोठा हुक लावलेला असतो आणि लूरचं हलणंच मेलेलं असतं.

चौथा उपाय उलट्या कुशीला शिशाची पट्टी चिकटवण्याचा. लूर कायमचा कलतो, बस. शिसं लावायचंच तर पोटाखाली, पुढच्या हुकजवळ, आणि तेही लूर सावकाश वर यावा म्हणून. गोड्या पाण्यात अधांतरी थांबणारा लूर खाऱ्या पाण्यात हळूहळू वर येतो, त्यामुळे धरणावरचा हिशेब खाडीत चालत नाही.

पाचवा, ‘ब्रँडेड लूरला ट्यूनिंग लागत नाही’. लाउरी रापालाने १९३६ मध्ये फिनलंडमध्ये बुचाचा पहिला लूर कोरला. त्याच्या नावाची कंपनी आजही सांगते की त्यांचा प्रत्येक लूर हाताने ट्यून करून, टाकीत ओढून बघून मगच बाहेर पडतो. एका बाजूला पळू लागला तर पकडीने कडी उलट बाजूला थोडी वाकवा, हा सल्लाही त्यांचाच. ज्यांना कारखान्यातच ट्यून करावं लागतं, त्यांचा लूर कातळावर दोनदा आपटल्यावर तसाच राहील का? त्यांच्या सल्ल्यात पातेलंही नाही.

खोबरेल तेलाची शेवटची टीप तेवढी राहू दे. हुक आणि तो अडकवायच्या स्प्लिट रिंगला बोटभर तेल लावलं तर गंज लांबतो, पण आधी गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून. मिठावर तेल लावलं तर आतून गंजत राहतं. धुताना लूर कानाशी हलवून बघ. आत पाणी डुचमळलं तर त्या लूरची कडी वाकवत बसू नकोस.