200 बारनं डोंगर उडत नाही, हिशोब चुकलाय

चार दिवस झाले, बेळगाव-खानापूरच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. स्वीडनमध्ये डोंगराच्या पोटात पोकळी खोदून आतनं स्टीलचा पत्रा लावतात आणि 200 बारनं (बार म्हणजे दाबाचं माप, एक बार साधारण हवेच्या दाबाएवढा) गॅस भरतात, आता हायड्रोजन पण तसाच भरणार, पण शंभर मीटर दगडाचं वजन 30 बार सुद्धा होत नाही तेव्हा 25 च्या वर गेलं की डोंगर उडालाच, 12 मिलिमीटरचा पत्रा काय टिकणार, आणि हायड्रोजन तर स्टीलमधनं पण निसटतोय, असं सगळं त्यात आहे. मी उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या टेस्ट बेंचवर काम करतोय, 200-250 बार रोजचं आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिलं वजनाचं. 30 बार हा आकडा बरोबर आहे, त्यावरनं काढलेला अर्थ चूक. स्वीडनमध्ये हाल्मस्टाडजवळ स्कालेनला 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपासून नॅचरल गॅसची अशी पोकळी आहे, व्यास साधारण 35 मीटर, वर दगड सुमारे 115 मीटर, प्रेशर 200 बारपर्यंत. एवढ्या छताला 200 बार लागले की वर ढकलणारा जोर 19 ते 20 लाख टन होतो, आणि डोक्यावरचा सरळ खांब तेवढा मोजला तर दगड भरतोय जेमतेम 3 लाख टन. मेसेज लिहिणारा इथंच थांबलाय. पण अखंड दगडातनं बाटलीच्या बुचासारखा सरळ खांब निघत नाही ओ, उचकटायचंच झालं तर नरसाळ्यासारखा वर रुंद होत गेलेला सगळा दगड उचलावा लागतो. बाजू उभ्या रेषेपासून 30 अंश कललेल्या धरून मी वजन काढलं, 28 लाख टनाच्या आसपास आलं. म्हणजे नुसत्या वजनावरच जोर मागं पडला, दगडाची स्वतःची पकड तर अजून धरलीच नाही.

मग 'वरच्या वजनापेक्षा कमी ठेवा' हे आलं कुठनं? जमिनीखालच्या मिठाच्या थरात केलेल्या पोकळ्यांकडनं. इंग्लंडात टीसाइडला 1972 पासून मिठात हायड्रोजन साठवतात, साडेतीनशे मीटरच्या आसपास खोल, 45-50 बारला. तिथं पत्रा नसतो, गॅस थेट मिठाला भिडतो, म्हणून तो नियम तिथं बरोबर. तो उचलून पत्रा लावलेल्या पोकळीला चिकटवायचा नाही.

पत्रा टिकत नाही म्हणता? एकटा असता तर खरंच टिकला नसता. 35 मीटर व्यास, 200 बार आणि 12 मिलिमीटर घेऊन ताण काढा, जवळजवळ 29,000 मेगापास्कल (एक मेगापास्कल म्हणजे 10 बार) येतोय, आणि साधं बांधकामाचं स्टील 250-350 ला लवायला लागतं. म्हणून तर पत्र्यावर जोर सोपवलेलाच नसतो. पत्र्यामागं काँक्रीट, काँक्रीटमागं दगड, जोर दगड घेतो, पत्र्याचं काम फक्त गॅस अडवायचं. दगडाला भेगा आहेत म्हणून गॅस जाईल असं त्यामुळं होत नाही, भेगांचा त्रास वेगळा आहे, दगड मऊ किंवा फुटका असला की तो जास्त सरकतो आणि त्याच्यासोबत पत्रा जास्त ताणला जातो. सेफ प्रेशर ठरतं ते मुख्यतः इथं. आपल्याकडं वर जांभा, खाली बसाल्टचे थर आणि मधी मधी लाल बोल म्हणजे लाल मातीसारखे मऊ थर, तिथं स्वीडनच्या ग्रॅनाइट-नाइस या कडक दगडाचा आकडा जसाच्या तसा लावायचा नाही, हे मी पण म्हणतो.

हायड्रोजनचं मात्र हलक्यात घ्यायचं नाही. पत्र्यातनं आरपार जाणारा गॅस नगण्य असतो, खरा धोका स्टील ठिसूळ होण्याचा आणि तो प्रेशरसोबत वाढतो, वेल्डिंगच्या जागी आधी दिसतो. म्हणून जास्त कडक नाही तर लवचिक स्टील घेतात, आणि स्वीडनमध्येच लुलिओला 2022 मध्ये 100 घनमीटरची छोटी पोकळी हायड्रोजनसाठीच बांधली, 250 बारपर्यंत, जमिनीखाली फक्त 30 मीटर. भरणं-काढणं परत परत केलं की काय होतं ते बघायलाच ती आहे. आणि माझ्या बेंचवरचं तेल फुटलं तर फुसकन जातं, गॅसमध्ये साठलेली ताकद कितीतरी पट जास्त, त्यामुळं 'आम्ही रोज 200 बार वापरतो, काय होत नाही' असं पण कुणी म्हणू नका.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. प्रेशर फार कमी झालं तरी चालत नाही. 115 मीटर खोल भूजल बाहेरनं 11 बारच्या आसपास रेटतं, आतली पोकळी रिकामी झाली आणि पाणी काढायची सोय नीट नसली तर पत्रा आत फुगतो. म्हणून काँक्रीटमागं पाणी निचरायच्या पाइपा टाकतात आणि आत थोडा गॅस कायम राखून ठेवतात.