ऑप्शन फॉर्म मुलाचा, पसंती बापाची

आज विश्रामबागेत एका परिचितांनी मुलाचा एमबीएचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे प्रवेशासाठी कॉलेजांच्या पसंतीची यादी, दाखवला. कॉलेजं मागच्या वर्षीच्या कटऑफनुसार उतरत्या क्रमाने, प्रत्येकापुढे पेनाने ॲव्हरेज पॅकेज. मुलगा शेजारीच बसलेला. त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. डोकंच फिरलं.

अहो, चार पोरांना गलेलठ्ठ ऑफर लागली की सरासरी फुगते. मीडियन विचारा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. बॅचमधली किती मुलं प्लेसमेंटला बसली आणि 'मार्केटिंग'च्या नावाखाली काम काय मिळालं, तेही विचारा. पॉलिसी विकायला दोन वर्षं घालवायची?

तो पोरगा तासगावच्या बेदाणा सौद्यात वडिलांसोबत उभा राहतो, माल हातात घेऊन प्रत सांगतो. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की गप्प. केस स्टडीवर, म्हणजे एखाद्या कंपनीपुढचा पेच वाचून चर्चा करण्यावर, चालणाऱ्या कॉलेजात आदल्या रात्री केस वाचायची, गटात चर्चा करायची आणि सकाळी भर वर्गात मत मांडायचं. त्या बोलण्याला मार्क असतात. वर ग्रेडिंग रिलेटिव्ह, म्हणजे शेजारचा पुढे गेला की तुम्ही मागे. काही पोरं यात फुलतात. काही पहिल्याच टर्मला मिटतात, आणि समर इंटर्नशिपच्या मुलाखती पुष्कळ ठिकाणी तेव्हाच असतात!

या मुलासाठी गुजरातेत आणंदला ग्रामीण व्यवस्थापन शिकवणाऱ्या इर्माचा विचार कुणी केला का? वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये उभी केलेली संस्था, गावात राहून फील्डवर्क हा तिथे अभ्यासाचाच भाग. प्रवेशाची वाट वेगळी आहे, सीईटीच्या यादीत ती दिसणारच नाही.

मान्य, कर्ज काढणाऱ्या घराला पगार बघावाच लागतो.

पण मुलाला एकदा कॉलेज दाखवा की हो. ओपन डेला नको, साध्या कामाच्या दिवशी. कँटीनमध्ये सेकंड इयरची मुलं गाठू द्या, तुम्ही बाहेर चहा घ्या. त्याने विचारायचं: गट ऑफिस पाडतं की आपापले? पूर्णवेळ प्राध्यापक किती, शनिवार-रविवारी येणारे किती? मराठी माध्यमातल्या मुलाचं पहिलं प्रेझेंटेशन अडखळलं तर हसतात की कुणी सीनियर रात्री बसून तयारी करून घेतो? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर ते कॉलेज खाली सरकवा.

आणि हे फॉर्म कन्फर्म करण्याआधी करा. कॅप राउंडमध्ये, म्हणजे सीईटीच्या केंद्रीय प्रवेशफेरीत, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही.