फटाके फोडणाऱ्या गाडीची निगा

हेडरपासून, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळांच्या जुडग्यापासून, मागच्या टोकापर्यंत नवा पाइप बसवलात आणि आता ॲक्सिलरेटर सोडला की मागून फाट-फाट होतंय ना? मग घाबरू नका. हा बिघाड मानलात तर शोधत बसावं लागेल. पॉवर वाढली असं मानलंत तर नुसता व्हिडिओ काढला की झालं.

नेमकं फुटतं कुठे, हे मुळीच बघू नका. एअर फिल्टरच्या बाजूने ठो झालं तर मिश्रण पातळ झालेलं असतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, व्हॅक्यूमची नळी निसटलेली असते किंवा ठिणगीचं टायमिंग सरकलेलं असतं. सायलेन्सरमधून झालं तर न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात पोचतंय आणि तिथे त्याला हवा मिळतेय. दोन्ही आजार वेगळे, पण गॅरेजमध्ये ‘बॅकफायर मारते’ एवढंच सांगा. मेकॅनिकला विचार करायची सवय लावू नये.

गार इंजिनाजवळ तर फिरकूच नका. सकाळी पहिल्या स्टार्टला कोणी मागच्या टोकावर क्षणभर ओलं फडकं धरलं, तर हेडर आणि इंजिनाच्या हेडमधल्या पॅकिंगमधून टिकटिक ऐकू येते. जोडावर साबणाचं पाणी मारलं तर फुगे येतात. टॉर्च खाली घातला तर एखाद्या नळाच्या मुळाशी काजळीची काळी जीभ बाहेर आलेली दिसते. चार-पाच मिनिटांत धातू तापून फुगतो, फट मिटत जाते आणि टिकटिक गायब. म्हणून गाडी दहा किलोमीटर पिदडूनच दाखवायला न्या. तशीही नव्या पाइपच्या आवाजात टिकटिक ऐकू येणार नाहीच. पैसे त्याचेच तर मोजलेत.

या फटीची करामत मोठी असते. धूर पाइपातून धक्क्याधक्क्याने जातो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत शिरते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर इमानेइतबारे कळवतो की ऑक्सिजन जास्त आहे. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो वाढवत सुटतो. स्कॅनर लावला तर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने कायमची केलेली पेट्रोलची वाढ-घट) अधिक 15, अधिक 20 टक्के दिसतो आणि सोबत ‘मिश्रण पातळ’ सांगणारा पी0171 हा कोड. इंजिन पेट्रोल ढोसतंय आणि कोड म्हणतोय मिश्रण पातळ! जादा पेट्रोल ईसीयूने दिलं, हवा फटीने दिली, फटाका तयार.

आता सेन्सर बदला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपली रीतच आहे. नवा सेन्सरही तेच सांगेल, मग कंपनीचा मागवा.

पॅकिंग मात्र बदलू नका. सेन्सरच्या मानाने ते इतकं स्वस्त असतं की चारचौघांत सांगायलाही लाज वाटते. त्याऐवजी लाल सिलिकॉन थापा. ते तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत तग धरतं आणि हेडरमधला धूर सहाशे-सातशेच्या वर जातो, त्यामुळे थापायची संधी पुन्हापुन्हा मिळते. शिवाय सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर बसली की तो खरोखरच निकामी होतो, म्हणजे तुमचं आधीचं निदान मागाहून बरोबर ठरतं.

कोणी शहाणा कॉइलच्या, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाच्या, अदलाबदलीचं सुचवेल. पी0302, म्हणजे दुसरा सिलिंडर नीट पेटत नाही हा कोड, आला की दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची. कोड पी0303 झाला तर कॉइल गेली. दुसऱ्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघायचं. फुकटात होणाऱ्या तपासणीने गाडीची इभ्रत जाते. चारही कॉइल बदला.

कॅट-कॉन, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अजून जागेवर असेल तर त्याचीही सोय होईल. जादा पेट्रोल त्याच्या जाळीत जळतं, आतलं सिरॅमिक वितळतं, धुराची वाट तुंबते आणि गाडी चढावर माना टाकते. फटाके मुद्दाम वाजवणारा रीमॅपही (ईसीयूचा बदललेला प्रोग्रॅम) हेच करतो, फक्त त्याचं बिल वेगळं येतं. पीयूसीवाल्याकडे बीएस-4 पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे. त्याच्याशी गोड बोलून बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज आणि धुरासाठी दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही तीन महिने जातं. पोलीस जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात, तेव्हाचा आवाज मात्र रेकॉर्ड करून ठेवण्यासारखा असतो.

एवढं करूनही कुणी आगाऊ माणसाने नवं पॅकिंग टाकलं, फ्लँज (हेडरची इंजिनाला टेकणारी पट्टी) सपाट आहे का पट्टी लावून पाहिलं, नट मधून कडेला अशा क्रमाने मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळले, जुने ट्रिम पुसले, तर फटाके थांबतील. मित्रांनी विचारायच्या आत पाना घ्या आणि दोन नट अर्धा-अर्धा आटा सैल करा.