कंत्राटाने निष्ठा येत नाही, मामा

"प्राध्यापकांना कायम नोकरी, गलेलठ्ठ पगार, आठवड्याला फक्त १६ तास काम. म्हणून कॉलेजवर निष्ठा नाही. सगळ्यांना अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घ्या, बायोमेट्रिक लावा, सुतासारखे सरळ येतील." हा मेसेज आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. त्याच ग्रुपवर माझी धाकटी बहीण आहे, आणि ती दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर, म्हणजे कायम नोकरीविना घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर शिकवते. मामा, राग मानू नका, पण गप्प बसवत नाही.

१६ तास हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीतले, सहायक प्राध्यापकाने वर्गात शिकवण्याचे. कामाचा आठवडा तिथेच किमान ४० तासांचा धरलाय. ते मेसेजमध्ये नाही.

आता कंत्राट. हा 'उपाय' माझी बहीण रोज भोगतेय. सकाळी सातचं लेक्चर पार्ल्याला, मग लोकलने भाईंदर. पैसे फक्त तासिकांचे, तेही महिनोन्‌महिने रखडलेले. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली फुकटात. स्टाफरूममध्ये कपाट नाही, म्हणून मुलांच्या जर्नल्सचे गठ्ठे सॅकमधून घरी येतात. "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्हीच ना?" असं मुलं विचारतात, तेव्हा तिला काहीच सांगता येत नाही. कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तरच नेमा, तेही एकूण जागांच्या १० टक्क्यांच्या आत, असं तीच नियमावली बजावते.

कायम झालेल्यांत काही जण पाट्या टाकतात, हे मान्य करावं लागेल. मेयर आणि ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: मनापासूनची, सोडलं तर नुकसान होईल म्हणूनची आणि कर्तव्य म्हणूनची. पाट्या टाकणारे बहुधा दुसऱ्या प्रकारातले. पण मेयर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मनापासूनच्या बांधिलकीचा खूप घट्ट संबंध 'संस्था माझ्या पाठीशी आहे' या विश्वासाशी दिसला. वय आणि नोकरीची वर्षं यांच्याशी संबंध अगदीच थोडा. दर जूनमध्ये जिला नव्याने मुलाखत द्यावी लागते, तिला हा विश्वास कुठून वाटणार?

राहिलं बायोमेट्रिक. बहिणीच्या एका कॉलेजात ते आहेच. लेक्चर संपल्यावर ती मुलांच्या शंका सोडवत थांबते. ती वेळ मशीनमध्ये नोंदली जाते, मानधनात धरली जात नाही.